सासूबाईंच्या बोटीला भिंती

धरणाच्या पलीकडच्या काठावर सासूबाईंची धाकटी बहीण राहते. तिची चूल पेटली की धूर आमच्या अंगणातून दिसतो, एवढंच अंतर. पण रस्त्याने जायचं तर पाण्याला मोठा वळसा, आणि सासूबाईंना शेजारचं टाकवं गाव ओलांडलं की गाडी लागते. बहिणीला तिची गुरं सोडत नाहीत. कोरोनाच्या आधीपासून दोघींची भेट नव्हती, बटणांच्या फोनवर भांडून हौस भागवत होत्या. म्हणून नवऱ्याने एक जुनी ॲल्युमिनियमची बोट घेतली, खास आईसाठी.

सासूबाईंनी ती बोटांनी वाजवून बघितली. "ह्यो तर पत्र्याचा डबा हाय. एवढुशा पत्र्यापल्याड पानी! म्या न्हाई बसायची."

नवरा कारखान्यात नोकरीला, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक भीतीवर ड्रॉइंग असतं. बोटीला आतून भिंती लावायचं ठरलं, म्हणजे पत्रा दिसायलाच नको. हॉलच्या छताला लावून उरलेली पीव्हीसीची पॅनेल्स होतीच, पांढरी, सोनेरी रेघेची. बोटीच्या आत ठरावीक अंतरावर जाड फासळ्या असतात. स्क्रू फक्त फासळीत मारायचा, मधल्या पत्र्याला हात लावायचा नाही, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं की मी तळेगावची, बोटीत कधी पाय न ठेवलेली, असूनही मला पाठ झालं. मी लाल मार्करने फासळ्यांवर ठिपके काढले आणि भाकऱ्या टाकायला आत गेले.

तेवढ्यात सासूबाई हळदीकुंकू घेऊन आल्या. नवं वाहन दारात येऊन उभं आणि त्याला साधं कुंकू नाही, हे त्यांना कधीचं खुपत होतं. ट्रॅक्टरला बॉनेटवर लावतात. याला बॉनेट कुठलं? मग जिथे आपल्याला बसवणार, त्याच जागी त्यांनी आतल्या पत्र्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं लावली आणि समाधानाने गोठ्यात गेल्या.

मग नवरा ड्रिल घेऊन आला. सुट्टीचा दिवस, चष्मा घरात. लाल दिसलं की भोक. मी चहा घेऊन गेले तर बोटीत पाच ठिकाणांहून ऊन येत होतं.

"अरे, निदान हळद तरी दिसली नाही का?"

"मला वाटलं मार्कर पसरला."

मी पायरीवर बसून हसले, अगदी चहा सांडेपर्यंत. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "कुंकवालाच भोक पाडलंस रं," एवढंच म्हणाल्या. बहिणीला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि तिच्यासाठी बांधून ठेवलेले लाडू गुपचूप आम्हालाच वाढले. मी माझा लाडू परत डब्यात ठेवला.

नवऱ्याने भोकांत रिव्हेट ठोकले, वरून सीलंट फासलं आणि वाळल्यावर खात्रीसाठी बोटीतच पाइपने पाणी सोडलं. आख्खी आळी बघायला जमली. बाहेर पाणी ठेवून बोट तरंगवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आमचं उलटं चाललं होतं. थेंबही गळला नाही. तो पॅनेल उचलणार, तोच सासूबाई पुढे झाल्या.

"माज्या बाजूला न्हाई लावायचं. मला ती भोकं दिसली पायजेत."

ड्रॉइंग तिथेच संपलं. आमची बोट एका बाजूने हॉलसारखी आणि दुसऱ्या बाजूने उघडा पत्रा, अशी पाण्यात उतरली. नऊवारीवर लाइफ जॅकेट चढवून सासूबाई रिव्हेटांपुढे बसल्या. नवरा वल्ही मारत होता, मी जीव मुठीत धरून पाण्याकडे बघत होते. त्यांनी पाण्याकडे एकदाही बघितलं नाही. सारखा एकेका रिव्हेटखाली तळवा धरायच्या, आणि कोरडाच आहे ना ते बघायच्या.

बोट चिखलात रुतली तेव्हा त्यांनी मान वर केली. लांबून बोट बघून बहीण गुडघाभर पाण्यात येऊन बोटीची कड धरून उभी होती.

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग तोच तळवा तिच्या डोक्यावरून फिरवला.

"समदं पांढरं झालं की गं," त्या म्हणाल्या. "फोनवर कदी बोलली न्हाईस."