तिगावचा रिकामा फलाट

माझे आबाजी तीस वर्षं सौंसर-पांढुर्ण्याकडचे फोटो नागपूरच्या पेपरांना पाठवत. त्यांचा घडीचा कॅमेरा एवढा वजनदार होता, की तो गळ्यात अडकवून ते जाम नदीच्या पुरात उतरले तेव्हा पूरच बाजूला सरकला, असं मी शाळेत सांगितलं होतं. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. आबाजींनी मला समोर बसवलं. "पोरी, तोंड खोटं बोलते. फोटो नाई बोलत." हे वाक्य मी विसाव्या वर्षापर्यंत जेवणातल्या मिठासारखं रोज खाल्लं.

त्या वर्षी त्यांचा डावा डोळा गेला. उजव्याचं ऑपरेशन नागपूरला, गुरुवारी ठरलं, आणि डॉक्टरांनी कसलीही खात्री दिली नव्हती. सोमवारी सकाळी आबाजींनी पत्र्याची पेटी माझ्या पुढ्यात उपडी केली. छापून आलेले सगळे फोटो. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं गावाचं नाव आणि ते कुठे उभे होते ते: लिंबाखाली, विहिरीपासून वीस पावलं.

"जा. मी उभा होतो तिथंच उभी राह्य अन् पुन्हा काढ. बुधवारपर्यंत पाहून घेतो, काय काय उरलं हाये ते."

ढिगात एकच फोटो पेपरात कधी न आलेला होता. नुसता रिकामा फलाट, एक बाक, बाकाची सावली. मागे लिहिलेलं: 'तिगाव. उशीर झाला.' मी विचारायच्या आत त्यांनी तो उचलून खिशात घातला.

बारा फोटोंचा रोल घेऊन मी निघाले. सौंसरहून सुटलेली बस प्रत्येक गाईची तब्येत विचारत जात होती. माझे पाय बसच्या आधी पुढे धावत होते. बोरगावात पुलाचा फोटो काढला, लिंब तोडलेला होता म्हणून त्याच्या खोडावर उभं राहून. मोहगावात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथला फोटो मला पाठ होता: नव्या सरकारी विहिरीचं पहिलं पाणी, आणि हंडा वर ओढणारी, लाजून हसणारी नवी नवरी.

ती नवरी आता पासष्टीची होती. विहिरीच्या कठड्यावर बसून तंबाखू मळत होती. आबाजींचं नाव सांगून मी फोटो तिच्यापुढे धरला.

"पहिलं पाणी?" ती एवढ्या जोरात हसली की पाखरं उडाली. "अवं माय! पहिलं पाणी तं सकाळीच भरलं आमी. तुया आबाजीची बस चुकली. दुपारी आला अन् म्हणते, हंडे वापस विहिरीत रिचवा, मंग काढा. सासू माही बोंबलून राह्यली, पोरीचे हात सोलले म्हणून! तरी रिचवले."

"अन् हसू?"

"हसू कायचं? मले तं रडू येऊन राह्यलं होतं. त्यानंच सांगितलं, हास."

परतीच्या बसमध्ये मी दर दोन मिनिटांनी जागा बदलत होते. पूल, शाळेचं फाटक, मिरवणूक... आमच्या मुलखात मग प्रत्येक गोष्ट दोनदा घडली की काय? एकदा लोकांसाठी आणि एकदा आबाजींसाठी?

घरी पोचताच चपला न काढता मी म्हणाले, "आबाजी, मोहगावच्या बाईनं विहिरीत पाणी परत रिचवलं होतं."

त्यांनी चष्मा पुसला. त्याच्यातून फारसं काही दिसत नव्हतं, पण पुसला.

"दोन हंडे," ते म्हणाले. "बस उशिरा येते त्याले मी काय करू? लोक चांगले होते. हार उतरवून पुन्हा घालत."

"अन् मला म्हणायचात, फोटो खोटं नाही बोलत!"

त्यांनी खिशातला फोटो चाचपून बाहेर काढला.

"हा नाई बोलत. तुही आजी माहेरून, तिगावाहून, नागपूरच्या दवाखान्यात चालली होती. दहाच्या पॅसेंजरनं. मी म्हणलं, फलाटावर थांब, तुया एक फोटो काढतो. मंग बोरगावात पुलाची फीत दुसऱ्यांदा कापून घेत बसलो. पोचलो तं गाडी गेली होती. गाडी कोण मांगं आणते? अन् तुही आजी वापस आलीच नाई."

घरात आजीचा एकही फोटो नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा खुपलं. सबंध तालुक्याचे फोटो काढणाऱ्याच्या घरात!

"तू तिच्यासारखी दिसतेस म्हणतेत. त्या बाकापाशी उभी राह्य. दहाच्या गाडीसंगं."

मंगळवारी मी पहाटेची पहिली बस धरली. पांढुर्ण्याच्या अलीकडे तिचं चाक बसलं. तिगावला पोचले तेव्हा दहाच्या पॅसेंजरचा शेवटचा डबा सिग्नलपाशी वळत होता. घराण्याची रीत मी चोख पाळली होती.

फलाटावर झेंडीवाला बिडी पेटवत होता. "आता थांबणारी गाडी चारले," तो म्हणाला.

सहा तासांत मी त्या फलाटावर काशीला जाऊन येण्याइतकी चालले. चारला झेंडीवाल्याच्या हाती कॅमेरा दिला.

"दाबू कुठी?"

"इथं. बोट भिंगासमोर आणू नका. हलू नका. बाक दिसला पाहिजे. अन् गाडी..."

"बाई, गाडी थांबते दोन मिनिटं, तू बोलून राह्यली दहा मिनिटं!"

त्यानं दाबलं. रोलातला तो शेवटचा फोटो.

बुधवारी धान्याच्या खोलीत मिट्ट अंधार करून आबाजींनी फिल्म स्वतः धुतली. तिथल्या अंधारात त्यांना डोळ्यांची गरज नव्हती, बोटं सगळं ओळखत होती. छापलेला कागद वाळल्यावर ते अंगणात आले आणि मोठं भिंग उजव्या डोळ्याला लावलं. शेजारी जुना फोटो ठेवला.

"दहाची हाये ना?"

"दहाचीच," मी म्हणाले.

त्यांचं बोट माझ्या पायांपासून सरकत बाकाखाली गेलं. जुन्या फोटोत सावली डावीकडे होती, माझ्या फोटोत उजवीकडे. सावली पाहून घड्याळ लावणारा तो माणूस. बोट सावलीवर थांबलं, एक वेळ, दोन वेळ.

"नाक तिचं नाई तुयं," ते शेवटी म्हणाले. "उभी मात्र तशीच राह्यलीस. गाडीकडे पाठ करून."

मग पेन्सिल मागितली, फोटो उलटा केला आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: 'तिगाव. वेळेवर.'