दूध उतू गेल्याशिवाय चावी नाही

बंगळुरूत एकट्या मुलीला महिन्याला फारसा खर्च येत नाही, असं माझ्या आईचं ठाम मत आहे, कारण ती नाशिकला राहते.

मारतहळ्ळीतलं भाडं, मेंटेनन्स (लिफ्ट बंद असायची, मेंटेनन्स चालू असायचा), स्वयंपाकाच्या मावशी आणि पाण्याचे कॅन एवढ्यातच माझा पगार आडवा व्हायचा. शेवटी मल्लेश्वरममध्ये एक स्वस्त खोली मिळाली. मालकीणबाई अक्का म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूत राहिलेल्या मराठी. त्यांनी भाडं कमी केलं, अ‍ॅडव्हान्सही कमी घेतला. अट एकच. शुक्रवारी राहुकाळ लागायच्या आत नव्या घरात दूध उतू घालवायचं, मगच चावी.

"आणि नाही गेलं तर?" मी विचारलं.

"मग सोमवारी बघू. सरी?" अक्का शांतपणे म्हणाल्या. सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक आहे ना’.

शुक्रवार उजाडला. जुनी खोली मी सोडली होती, माझा सगळा संसार दाराशी टेम्पोत उभा होता आणि टेम्पोवाला तासावर पैसे घेत होता. दूध गेलं नाही तर सोमवारपर्यंत मी गादीसकट फुटपाथवर!

मदतीला आई आली होती. आईने उभ्या आयुष्यात दूध उतू जाऊ दिलेलं नाही, आणि याचा तिला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान आहे. अक्कांनी शेगडीला हळदकुंकू वाहून पातेलं ठेवलं. दूध चढलं, काठाशी आलं, आम्ही हात जोडले आणि आईने झटकन गॅस बंद केला.

आई स्वतःच आपल्या हाताकडे बघत राहिली. सवय हो, एवढंच ती अक्कांना म्हणाली.

पुन्हा गॅस पेटला. या वेळी मी आईचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. दूध वर आलं तशी तिने फुंकर मारली. दूध खाली बसलं. अक्कांनी घड्याळाकडे पाहिलं. खालून टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, कारण त्याची देवनहळ्ळीची पुढची खेप चुकत होती. मी आईला बाहेर जिन्यात नेऊन बसवलं. तिथूनही ती नुसत्या वासावरून गॅस बारीक करायला सांगत होती.

आता शेगडीसमोर मी एकटी, सुशिक्षित, स्वतंत्र आणि बेघर होण्याच्या बेतात. दूध फुगलं, साय फाटली, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. गॅस बंद!

"आईचीच हो तू," अक्का म्हणाल्या. "स्वल्प बाहेर बस."

त्यांनी मला आईशेजारी बसवून आतून कडी लावली. थोड्या वेळाने चर्रर्र असा आवाज आला. आईने डोळे मिटले. "अर्धा लिटर," ती पुटपुटली.

चावी मिळाली. पहिल्या महिन्याच्या भाड्यात वाचलेले पैसे टेम्पोवाला घेऊन देवनहळ्ळीला गेला.

आई परत गेली. आता मी सकाळी दूध गॅसवर ठेवते, ऑफिसच्या मीटिंगला कान लावते आणि चर्रर्र ऐकलं की धावते. खर्च आटोक्यात आहे ना, असं आई फोनवर विचारते. आहे की, फक्त दुधाचं बिल भाड्याच्या मागे लागलंय. अक्का मात्र माझ्यावर खूश आहेत, कारण त्यांच्या हिशोबाने मी रोज सकाळी नव्याने गृहप्रवेश करते.