चोइजवचं वजन

चोइजवला काम सांगायचं तर वसंतातच सांगावं, असं गोबीतल्या त्या खोऱ्यात सगळे म्हणत. एरवी तो जेवायचा, बसायचा आणि आपण किती भक्कम बसतो हे इतरांना सांगायचा. वाळूचं वादळ आलं की मात्र गेरच्या, म्हणजे त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूच्या, छतातून खाली सोडलेल्या दोराला लोंबकळायला त्याच्यासारखा माणूस नव्हता. ते वजनाचं काम होतं, अकलेचं नव्हे, असं त्याची बायको न्यामसुरेन म्हणे.

तो दोर एरवी छतात खोवलेला असे. घराची बरकत त्या दोरात असते म्हणतात. न्यामसुरेनच्या मते बरकत सरळ चोइजवच्या पोटात जात होती.

चोइजव लहान असताना त्याचा बाप वादळात बकऱ्यांमागे धावला आणि दोर आईच्या हाती देऊन गेला. आई काडीसारखी. गेर उठलं, गडगडत गेलं, आणि चुलीतल्या निखाऱ्यांनी त्याला आग लागली. धाकटी बहीण आत होती. ही गोष्ट तो दर वसंतात सांगे आणि बहिणीपाशी आला की तिथेच थांबून वाडगं पुढे करी. तेव्हापासून त्याने जे जेवायला घेतलं, ते डॉक्टर भेटेपर्यंत.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या त्या पोरगेल्या डॉक्टरने शरदात त्याच्या छातीला नळी लावली आणि चरबी बंद केली. न्यामसुरेनला तेवढंच हवं होतं. मेंढीच्या शेपटीची चरबी शेजाऱ्याकडे गेली आणि नवऱ्याच्या वाडग्यात सलगम आले. हिवाळाभर त्याच्या कमरेचा शेला एकेक वेढा जास्त घेऊ लागला. ती चरबी मिटक्या मारत खाणारा शेजारी दामदिन विचारायचा, "यंदा तू दोराला लटकणार, की दोर तुला बांधायचा?" सगळ्यांत मोठ्याने न्यामसुरेनच हसायची.

एप्रिलमध्ये एका दुपारी पश्चिमेकडून पिवळी भिंत उठली. मुलगा उंट घेऊन लांबच्या कुरणात गेलेला. गेरमध्ये सून होती आणि तिचं महिन्याचं बाळ. न्यामसुरेनने चुलीवर राख लोटली, सुनेने बाळाला छातीशी बांधलं, चोइजवने दोर धरला. बघता बघता दिवसाढवळ्या अंधार झाला आणि दात वाळूने करकरू लागले.

पहिला झोत त्याने नेहमीच्या ऐटीत झेलला. दुसऱ्या झोताला गेरच्या भिंतीची लाकडी जाळी जमिनीवरून सुटली आणि त्याबरोबर चोइजवचे पायही. ते दोन बूट जमिनीपासून वीतभर वर हलताना बघून न्यामसुरेनला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्याने खाली बघितलं. डोळ्यांतून पाणी, गालावर चिखल.

"म्हातारे," तो म्हणाला, "मला जड कर."

हिवाळाभर ज्या कमरेचे वेढे मोजून ती खूश होत होती, त्याच कमरेला तिने मिठी मारली आणि अंग सोडून दिलं. त्याचे पाय टेकले. पुन्हा सुटले, पुन्हा टेकले. तो बहिणीचं नाव पुटपुटत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते नाव तिने आज पहिल्यांदा ऐकलं. आपल्याला आपली लाज वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, पण वाटली.

वारा पडल्यावर दामदिन आला. त्याचं गेर टेकडीपलीकडे पसरलं होतं. बायकापोरं ट्रकखाली शिरून वाचली होती. पापण्यांवरची वाळू पुसत त्याने विचारलं, "तुमचं कसं टिकलं रे?"

इतर वर्षी चोइजव इथून बोलायला लागायचा तो चहा संपेपर्यंत. आज तो सोललेल्या तळव्यांतली वाळू वेचत बसला होता.

"यानेच धरलं," न्यामसुरेन म्हणाली. "एकट्याने."

चोइजवने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दामदिन बायकापोरांना आणायला गेल्यावर तिने मांस उकळलं, शेपटीच्या चरबीचा सगळ्यांत मोठा तुकडा कापला आणि त्याच्या वाडग्यात ठेवला.

"डॉक्टर?" तो हळूच म्हणाला.

"डॉक्टरचं घर विटांचं आहे," ती म्हणाली. "खा. अजून वारे संपले नाहीत."