लोरीनबाईंचा भित्रा भुताखेताचा कारभार

हॅलोवीनला पोरं सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत येतात; त्या संध्याकाळी ती किती जोरात किंचाळली, यावर लोरीन बड्झिकची वर्षभराची ऐट अवलंबून असे. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खाणींच्या गावात बाकीचे लोक दुकानातून रबरी भुतं आणून अंगणात टांगत. लोरीन त्यांच्याकडे पाहून नाक मुरडायची. "पैसे टाकले की भूत मिळतं, त्यात कसलं आलंय कौतुक!"

शर्ट शिवायच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं बिघडलेली मशीनं सुरू केली. कागदावर शेवटपर्यंत 'मदतनीस'च राहिली, कारण मेकॅनिकची जागा पुरुषांची. पण मशीन अडलं की तेच पुरुष हात पुसत तिच्याकडे यायचे. निवृत्त झाल्यावर तिच्या हातांना स्वस्थ बसवेना. भंगारातल्या गाडीची वायपरची मोटर, जुन्या खुर्चीचे पाय आणि धुलाई यंत्राचा पत्रा एवढ्या सामानावर तिने क्लेम उभा केला. क्लेम म्हणजे कोळशाच्या ढकलगाडीतून खाडकन उसळणारा, मेलेला खाणकामगार. गावात तोड नव्हती त्याला.

गेल्या वर्षी मात्र शेजारची पाच वर्षांची टेस त्याला पाहून अशी हादरली, की खाऊ न घेताच पळाली. तेव्हापासून शाळेच्या बसकडे जाताना लोरीनच्या घरापाशी आली की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. रोज. लोरीन खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

"घ्या! पोरं वाट बदलतात तुझ्या नावाने," तिचा धाकटा भाऊ वॉल्ट म्हणाला. "आणखी काय हवं भूत करणाऱ्याला?"

"तुझी जीभ जरा आत ठेव आणि तो पाना दे इकडे," लोरीन म्हणाली. क्लेमला तिने पार खोललं होतं. यंदा क्लेम घाबरवणार नव्हता, घाबरणार होता. लांब वायरीला दाराच्या घंटीचं बटण जोडलेलं. ते दाबलं की क्लेमने हात डोक्यावर घेऊन गाडीत दडायचं, आणि वायपर जसा आपला आपण जागेवर येतो, तसं पुन्हा उभं राहायचं.

पहिल्या खेपेला तिने मोटरीला वीज कमी दिली. क्लेम सावकाश, कण्हत बसल्यासारखा खाली गेला.

वॉल्ट हसून हसून वाकला. "अगं, हा घाबरलेला नाही! संडासाला बसलाय!"

लोरीनलाही हसू आवरेना. मग तिने पुरती वीज दिली, आणि क्लेमची अशी गाळण उडाली की वॉल्टनेच टाळी वाजवली.

गावाच्या रिवाजाप्रमाणे सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा झाला आणि पोरं घरोघर सुटली. मोठी पोरं आली, बटण दाबून खिदळली, खाऊ घेऊन गेली. किंचाळलं कुणी नाही. लोरीनचं लक्ष शेजारच्या दारावर होतं. आठच्या भोंग्यानंतर कुणी कुणाच्या पायरीवर चढत नाही, आणि आठला दहा मिनिटं उरली होती.

तेवढ्यात टेस दिसली. अंड्यांच्या ट्रेपासून केलेला हिरव्या ड्रॅगनचा वेश अंगावर आणि आईचा हात घट्ट धरलेला. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला येऊन ती थांबली ती थांबलीच.

"हाक मार ना," वॉल्ट कुजबुजला.

"गप्प. हाक मारून कुणी धीट होत नसतं."

गल्ली पुढे बंद होती, गाड्या नव्हत्या. लोरीन वायर सोडत रस्ता ओलांडून गेली, बटण टेसच्या पायाशी ठेवलं आणि परत येऊन दाराशी उभी राहिली.

टेसने बटणाकडे पाहिलं, क्लेमकडे पाहिलं आणि बटण उचलून दाबलं. क्लेम हात वर करून धाडकन गाडीत दडला.

"आई! तो मला घाबरला!"

पुन्हा दाबलं. पुन्हा दडला. मग ड्रॅगनने डरकाळी फोडली, एक पाऊल पुढे टाकलं आणि बटण दाबलं. असं करत करत तिने रस्ता ओलांडला, फाटक ओलांडलं. गाडीपाशी येऊन तिने बटण खाली ठेवलं आणि क्लेमच्या टोपीवर हात ठेवला. "घाबरू नकोस हं. मी खरी ड्रॅगन नाही, टेस आहे."

लोरीनला एकदम भरून आलं. आपल्या हातांचा एवढा अभिमान तिला उभ्या आयुष्यात वाटला नव्हता. भोंगा झाला तेव्हा ती टेसच्या पिशवीत मुठीमुठीने चॉकलेटं ओतत होती.

"मिसेस बड्झिक," टेस म्हणाली, "हा उद्या पण इथेच असेल?"

"असेल की. भेटायला येशील?"

"रोज बसला जाताना भेटेन ना! तो एकटा असला की घाबरतो."