मामाजींचा उजवा पाय

ड्रायव्हरशेजारी बसलेली माणसं घाबरली की पायाने खालचा पत्रा दाबतात. त्यांना ब्रेक हवा असतो. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, तसेच दाबायचे. पण त्यांना हवा असायचा अ‍ॅक्सिलेटर. समोर चढ दिसो, बस दिसो, नाहीतर नुसता मोकळा रस्ता दिसो, त्यांचा उजवा पाय वहाणेसकट पत्र्यावर जायचा आणि तोंड सुरू व्हायचं, "दाबा जवाईबापू, दाबा! काय बैलगाडी हाकून राहिले?" त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती.

मामाजींचं पांढुर्ण्याला कापडाचं दुकान होतं आणि बायको नदीपलीकडच्या सावरगावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून या दोन गावांची गोटमार चालते; तीत ज्याने सख्ख्या मेव्हण्यांच्या दिशेने गोटे भिरकावले, तो माणूस जावयाचं काय ऐकणार? दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून त्यांच्याकडे वेळच वेळ होता, आणि तो सगळा ते सौंसरला आमच्या घरी आणून खर्च करायचे. कोणाला काही विचारून करायची त्यांना सवयच नव्हती. आमच्या घराच्या दाराचा रंगही त्यांनी परस्पर बदलला होता. हिरवा केला. मला हिरवा रंग आवडत नाही.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी सिंचन खात्यात कारकून. आमचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. बस मिळून नागपूरला पोचेपर्यंत उशीर झाला. सुनंदाला पुन्हा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, कळा सुरू झाल्या की सरळ नागपूर गाठा, इथे वाट बघत बसू नका. म्हणून मी दोन मालकांनी वापरून झिजवलेली, गोल पाठीची एक जुनी गाडी घेतली. चढावर ती दम टाकायची आणि उतारावर ब्रेक दाबला की विचार करून थांबायची. तेवढ्यात महागाई भत्त्याची थकबाकी हातात आली. गाडीवर एकच मोठं काम निघेल, एवढीच. कोणतं, यावरून घरात महिनाभर महाभारत झालं.

मी म्हणायचो, आधी ब्रेक. मामाजी म्हणायचे, आधी पिकअप.

"थांबाले काय, बैलबी थांबते," ते म्हणायचे. "पळाले इंजन लागते. पोरीले येळेवर पोचवाचं आहे का रस्त्यात थांबवाचं आहे?"

"पण मामाजी, समोर म्हैस आली तर?"

"म्हैस काहून येईन? हॉर्न नाई का तुमच्या गाडीले?"

सुनंदा वैतागून विचारायची, "बाबा, गाडी ह्यांची आहे की तुमची?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "एकच आहे ना पोरी!" एकच कशी असेल? हप्ता माझ्या पगारातून कापला जात होता.

एका संध्याकाळी ऑफिसातून आलो तर अंगणात गाडीचं बॉनेट उघडं आणि आत भलं मोठं भगदाड. मामाजी ओट्यावर बसून संत्रं सोलत होते. त्यांनी सकाळच्या बसने पांढुर्ण्याहून बब्बू मिस्त्रीला आणलं होतं आणि मिस्त्री इंजिनाचं हेड उतरवून ते घासून घ्यायला नागपूरला घेऊन गेला होता.

"हेड घासलं का दाब वाढते," मामाजींनी मला फोड पुढे केली. "कार्बोरेटरबी मोठा टाकून राहिलो. घ्या, गोड आहे."

"मला विचारलं का?"

"तुमी नाई म्हटलं असतं."

मी ते संत्रं खाल्लं नाही. सुनंदाला आठवा चालू होता आणि आमच्या गाडीला डोकं नव्हतं. ते परत येऊन बसेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मामाजी मात्र रोज शेजाऱ्यांना बोलावून ते भगदाड दाखवायचे.

आणि संतापाची गोष्ट अशी की गाडी खरंच पळायला लागली. पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, चढावर आतून खिळे वाजवल्यासारखा आवाज करायची, पण पळायची. मामाजींनी तर सासूबाईंना घेऊन मुक्कामच ठोकला. "घडी आली का निंगाचं," म्हणत ते दिवसभर ओट्यावर गाडीची राखण करायचे.

ती घडी एका सकाळी अंघोळीच्या वेळी आली. सुनंदा आणि तिची आई मागे, मामाजी माझ्या शेजारी. गावाबाहेर पडताच मी अ‍ॅक्सिलेटर दाबला, मामाजींनी पत्रा दाबला. बोरगावच्या अलीकडे संत्र्यांच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली होती. पहिल्याच खड्ड्यात मागची सीट उसळली आणि सुनंदा ओरडली, "आई गं!"

मामाजींचा पाय पत्र्यावरून उचलला गेला. मग त्यांनी माझं मनगटच धरलं.

"हळू, जवाईबापू."

"मामाजी, वेळ नाही आपल्याकडे!"

"हळू घ्या म्हटलं ना. गड्डा आहे."

"अहो, याचसाठी तर केलं ना तुम्ही सगळं?"

ते काचेला नाक लावून रस्त्याकडे बघत होते आणि खड्डा आला की माझ्याआधी त्यांचा श्वास अडकत होता. "डावीकून घ्या. आता उजवीकून. हळू." सौंसरातली सगळ्यात वेगवान गाडी घेऊन आम्ही सावनेरपर्यंत वरातीसारखे गेलो. ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. मी आयुष्यात कोणावर इतका चिडलो नव्हतो आणि इतका घाबरलोही नव्हतो.

पोचलो. दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून लहान मुलासारखा रडलो. मामाजी कुठे आहेत म्हणून खाली बघितलं तर ते आवारात, आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर एकटेच बसले होते आणि हातांनी रेटा देऊन वर-खाली उसळून बघत होते. येणारे-जाणारे थांबून बघत होते. मला पाहून म्हणाले, "यावर कशी बसली असन हो पोट्टी?"

घरी न्यायच्या दिवशी मी बिल भरून खाली आलो, तर गाडी विटांवर. मागची दोन्ही चाकं काढलेली, खाली कोणीतरी अनोळखी मिस्त्री आडवा, आणि मामाजी हातात जुना शॉकअब्सॉर्बर धरून उभे. वर बायको बाळाला गुंडाळून तयार होती. मी दोन वर्षांचं साठलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं, पण त्या मिस्त्रीसमोर बोलवेना. दात आवळून पायरीवर बसून राहिलो.

परतीच्या वाटेवर मामाजी मागे बसले, नात मांडीवर घेऊन. त्याच बोरगावच्या रस्त्यावरून गाडी डोलत गेली आणि पोर घरापर्यंत जागी झाली नाही. अंगणात सुनंदा आणि सासूबाई बाळाला घेऊन उतरल्या. मी स्टिअरिंगवरच बसून होतो. मामाजी माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"जवाईबापू," ते म्हणाले, "पुढचं काम कोन्तं करू?"

मामाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी मला काही विचारल्याचं तेवढं एकदाच आठवतं. 'ब्रेक' अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "तुम्हीच ठरवा."