कोण तो?

भिंगारमध्ये आमच्या शेजारच्या जर्मनच्या सरांइतकं दमवणारं माणूस दुसरं नसेल. त्यांच्याशी जरा वेळ बोललं तरी मला घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटतं. नोकरीभर त्यांनी सुप्याच्या एका कारखान्यात जर्मन यंत्रांची माहितीपत्रकं मराठीत उतरवली. आता जर्मनीला निघालेल्या नर्स मुलींना ओसरीवर शिकवतात. मुली तासभरात सुटतात, आम्हा शेजाऱ्यांची सुटका नाही. बोलण्यात 'तो' आला, की सर हात वर करून तुम्हाला थांबवतात. कोण तो? दूधवाला एकदा सांगत होता, "मामा सरपंचाला भेटला, अन् त्यो लई चिडला." सरांनी त्याला किटली खाली ठेवायला लावली. जर्मनमध्ये म्हणे 'तो'ला दोन शब्द: जर्मन माणूस 'एर' म्हणाला तर बहुधा मामा चिडला, कारण गोष्ट त्याची चाललीय; 'डेर' म्हणाला तर सरपंच, मागून आलेला. मराठीत मात्र सगळा अंधार. "आमी काय जर्मन हाय का, सर?" म्हणत दूधवाला सटकला. कोण चिडलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

देवळाली प्रवऱ्याला एका दहाव्याला मी त्यांना नेलं, ही माझीच चूक. श्रद्धांजलीची भाषणं रंगात आली होती. वक्ते म्हणाले, अण्णांनी जावयांना हाताशी धरलं आणि त्यांनी गाव घडवलं. सर मागून उठले. घडवलं कोणी, अण्णांनी की जावयांनी? वक्ते घोटभर पाणी प्यायले. जावई माझ्याकडेच बघत राहिले, म्हणून आम्ही न जेवता निघालो.

अलीकडे सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, माणसं ओळखू येत नाहीत. सरांनाही नाही. काकूंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, त्यामुळे नाव सांगूनही उपयोग होत नाही. परवा संध्याकाळी मी तिथेच होतो. सर समोर बसलेले असताना काकू मला म्हणाल्या, "हे अजून आले नाहीत हो. आणि हे गृहस्थ दुपारपासून बसलेत, त्यांना चहा तरी टाकते."

कोण हे, असं सर आता विचारणार म्हणून मी थकून डोळे मिटले. पण काकू आत गेल्यावर ते उठले, खुंटीवरची कारखान्याची जुनी पिशवी खांद्याला लावली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि दाराची कडी वाजवली.

काकू कप घेऊन लगबगीनं आल्या. चेहरा उजळला होता.

"आलात? किती उशीर. एक गृहस्थ बसले होते, चहा न घेताच गेले बघा. भले होते."

"असू दे," सर म्हणाले, "त्यांचा मला दे."