मामांचा पापड आणि मामींचा तंबोरा

हवेतला ओलावा पकडून तुरुंगात टाकता येत असता, तर माझ्या बायकोच्या मामांनी अख्खी मुंबई कोरडी करून दाखवली असती. निवृत्तीनंतर परळच्या दोन खोल्यांतली गॅलरी बंद करून ते तिथे जुनी वाद्यं दुरुस्त करतात आणि दमट हवेला सात पिढ्यांचा वैरी मानतात. फटींना जुनी लुगडी कोंबलेली, कोपऱ्यात ओल शोषायला डब्यांतून कळीचा चुना, वर दिवसरात्र पिवळा बल्ब. तिथे चहा न्यायचा नाही. एकदा मी जिना चढून धापा टाकत आत शिरलो, तर म्हणाले, "जावईबापू, आधी बाहेर श्वास सोडून या!" मुलीने दिलेलं आर्द्रता मोजायचं यंत्र खोक्यातच आहे. "आकडा दाखवतं नुसतं, त्याला काय कळतंय?" मामांचा भरवसा पापडावर. सकाळी उडदाचा एक पापड भाजून तिथल्या बशीत ठेवायचा. संध्याकाळी कडकन मोडला तर सांध्यांना चिकटवायचा सरस लावायचा, वाकला तर तो वाळणार नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं.

गेल्या श्रावणात मामींच्याच तंबोऱ्याची दांडी भोपळ्यापासून सुटली. मामी पूर्वी रोज पहाटे गायच्या. घशाच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं गप्पच होत्या. आता गा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि नेमका तंबोरा मोडला. "तंबोरो नाय तर मी गावचंय नाय," मामींनी जाहीर केलं. त्या घाबरल्यात आणि न गायला त्यांना एवढं निमित्त पुरेल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मामांनी युद्धच पुकारलं. घरात वाफ नको म्हणून कुकर शेजारी, ओले कपडे दादरला मुलीकडे. तरी पाच दिवस पापड वाकतच राहिला. "ह्यांचा काय खरा नाय," म्हणत मामी कुकर उचलून शेजारी जायच्या.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून भुकेला गेलो. बशीत पापड दिसला, खाऊन टाकला.

"अहो, तुम्ही माझं यंत्र खाल्लंत!" मामा कपाळाला हात लावून ओरडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ते एकदम थांबले. "आवाज कसा आला?"

"कडकन."

"नक्की?"

"आईशप्पथ, मामा!"

त्यांनी तडक सरस गरम करायला घेतला. दांडी बसवली, दोरीने करकचून आवळली आणि शिक्षा म्हणून मला तासभर ती धरून बसवलं.

सांधा चार दिवस वाळला. पाचव्या दिवशी मामींनी तंबोरा जवळ घेतला. तारा छान बोलल्या, पण मामींचा सा चिरकला. त्यांनी हात खाली घेतला. "गेलो ओ माझो आवाज." मला तिथे बसवेना.

"असांदे गो," मामा म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "माका घाई नाय."

मामींनी पुन्हा तारा छेडल्या. हा सा तोकडाच होता, पण लागला. मामा मान खाली घालून बोटांवरचा सरस खरवडत राहिले. मामींनी तंबोरा भिंतीशी नीट टेकवला, त्यावर गवसणी घातली आणि म्हणाल्या, "उद्या पाच वाजता माका उठवा."